शब्दांविना चित्रगोष्ट : चंदगडचं माहेर, खानापूरचं सासर आणि मधली न दिसणारी रेघ

मातीची_रेघ
नमस्कार मंडळी. बारा चित्रांची एक मालिका करायला घेतली आहे. शब्द नाहीत, गोष्ट चित्रांनीच सांगायची. विषय घरचा आहे. आजीचं माहेर चंदगड तालुक्यात, सासर खानापूर तालुक्यात. लग्न झालं तेव्हा दोन्ही तालुके एकाच बेळगाव जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. त्यातून चंदगड तालुका तेवढा वगळला आणि तो मुंबई राज्यातच राहिला, म्हणजे आताच्या महाराष्ट्रात. आजी जागची हलली नाही आणि तिचं माहेर परराज्यात गेलं.

माझी भूमिका अशी की चित्रात सीमारेघ काढायचीच नाही. शेतात, ओढ्यात, पायवाटेवर ती दिसत नाही. ती दिसते कागदांवर, पाट्यांवर, कनवटीच्या पैशांवर. म्हणून प्रत्येक चित्रात आजीची पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्या आत काय आहे ते बदलत जातं. आजीचा चेहरा कुठंच पूर्ण नाही. हात आहेत, पाठ आहे, पदर आहे.

पुस्तक ८ बाय ८ इंच करायचं आहे आणि मूळ चित्रं भिंतीवरही लावायची आहेत. ज्याला १९५६ म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याला हे शब्दांशिवाय उमगेल का? उमगावं म्हणून चित्रात काय घालावं आणि काय गाळावं? कागद, रंग, छपाई यावरही मोकळेपणानं सांगा.

निपाणीकर
ट्रंक घेतलीत हे फार चांगलं. माणूस तरुणपणी वेगळा दिसतो, म्हातारपणी वेगळा. तो तोच आहे हे वाचकाला दरवेळी पटवावं लागतं. ट्रंकेला पोचे पडले, रंग उडाला, तरी ती ओळखू येते. फक्त तिच्यावर एक ठळक खूण ठेवा, म्हणजे झाकणावर रंगवलेलं कमळ किंवा एका बाजूची तुटलेली कडी. ट्रंक कितीही लहान दिसो, ती खूण बाराही चित्रांत दिसली पाहिजे.

कागदी_घर
निपाणीकरांना अनुमोदन. त्यात एक भर घालतो. बारा वेगवेगळ्या कोनांतून ट्रंक काढताना तिचं माप हटकून बिघडतं, एका चित्रात लांबट होते तर दुसऱ्यात चौकोनी. त्यावर उपाय म्हणजे पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल. खरी ट्रंक ३० बाय १८ बाय १२ इंच धरली तर पाचपट लहान केल्यावर ६ बाय ३.६ बाय २.४ इंच होते. झाकणाला कापडी पट्टीची बिजागरी लावा, म्हणजे ते उघडझाप होईल. टेबलावर एकच दिवा ठेवून प्रत्येक चित्राच्या कोनातून बघा. सावली कुठं पडते हेही आपोआप कळतं. घराचंही असंच करा. पडवी, माजघर, परसू एवढं पुठ्ठ्यात उभं केलं की खिडकी कुठल्या भिंतीला आहे हा घोळ होत नाही.

जुनी_चिल्लर
"कनवटीचे पैसे" वाचून बरं वाटलं, कारण शब्द नसलेल्या गोष्टीत साल सांगायची हीच जागा. खरं ते नेमकं हवं.

नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. त्यामुळं नोव्हेंबर १९५६ च्या चित्रात आणे आणि जुने पैसे पाहिजेत. प्रजासत्ताकानंतरच्या एक आण्याच्या नाण्यावर बैल आहे आणि कडा लहरी आहे, दोन आणे चौकोनी आहेत, जुन्या पैशावर घोडा आहे. हे आकार चित्रात लांबूनही ओळखू येतात, नाण्यावरचं काही वाचावं लागत नाही. पुढच्या चित्रात त्याच हातावर नवा पैसा ठेवला की काळ पुढं गेला हे आपोआप कळतं.

रस्त्याकडेचा दगड तेव्हा मैलाचा होता, किलोमीटर साठच्या दशकात आले. रेल्वे काढणार असाल तर मिरज ते लोंढा ही लाइन तेव्हा मीटरगेज होती. म्हणजे रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर, आताच्या ब्रॉडगेजला १६७६. डब्याच्या रुंदीच्या मानानं रूळ अगदी जवळजवळ दिसतात. खानापूर स्टेशन आजच्या फोटोवरून काढलं तर चित्र तिथंच खोटं पडेल. बसच्या नंबरपाटीवर केए-२२ (बेळगावच्या गाड्यांची आताची खूण) लिहायचा मोहही आवरा. ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची आहे. आणि "कर्नाटक" हे राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ पासूनचं, त्याआधी म्हैसूर. सरकारी कागद काढलात तर त्यावर कुठलं नाव आहे ते सालाप्रमाणं तपासा.

टाक_दौत
जुनी_चिल्लर यांचा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. त्याच वाटेनं पुढं जातो. ट्रंकेतले कागद हाच तुमचा खरा मजकूर आहे. आपल्या भागातल्या जुन्या घरात जमिनीचे कागद काढले तर खाली मोडीतले, त्यावर बाळबोध मराठीतले आणि सगळ्यात वर कन्नड उतारा निघतो. कर्नाटक सरकारच्या भूमी योजनेतून मिळणारा संगणकाचा उतारा कन्नडच आहे. तीन लिप्या, एकच शेत. हे चित्रात एका शब्दाशिवाय सांगता येतं, कारण वाचता न येणाऱ्यालाही अक्षरांचं वळण बदललेलं कळतं. मोडी न थांबता, कलती पळते. देवनागरी शिरोरेघेला लटकते. कन्नडला सलग शिरोरेघ नाही, प्रत्येक अक्षर आपापल्या गोलाईत सुटं बसतं.

मात्र कागदावर वाचता येईल असा खरा मजकूर घालू नका. गट नंबर, नावं, सह्या या घरच्या लोकांच्या गोष्टी आहेत. ओळींची लय, शिक्क्याची जागा, घडीच्या रेघा एवढं खरं ठेवा.

अक्षरगल्ली
कन्नड अक्षर काढताना मराठी हाताकडून एक चूक नेहमी होते. आपण मनातल्या मनात शिरोरेघ धरतो आणि सगळी अक्षरं वरून एका उंचीवर कापल्यासारखी बसवतो. कन्नडमध्ये डोक्यावरचा तलकट्टू प्रत्येक अक्षराचा वेगळा असतो आणि जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, म्हणजे ओत्तक्षर, खाली जातं. म्हणून दोन ओळींमधली जागा मराठीपेक्षा जास्त लागते. दुकानाच्या पाटीवर दोन्ही लिप्या एकाखाली एक काढणार असाल तर सारखी पट्टी आखू नका. कन्नड ओळीखाली अक्षराच्या उंचीच्या निम्म्याइतकी जागा मोकळी सोडा, नाहीतर ओत्तक्षरं खालच्या ओळीत घुसतात.

आणि मोबाइलमधला फॉन्ट गिरवू नका. तो काळ चपट्या ब्रशनं पाटी रंगवण्याचा. ब्रशचा कोन धरून अक्षर ओढलं की जाड-बारीक आपोआप येतं. कन्नड वाचणाऱ्या कुणालातरी ते दाखवल्याशिवाय अंतिम चित्राला हात घालू नका. एक काना-वेलांटी चुकली तर वाचकाला चित्रात तेवढंच दिसत राहतं.

सीमावासी
सगळं बारीक चाललंय, छान आहे. खरं माझा मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. सीमा दाखवायची नाही म्हणजे जे घडलं ते गाळायचं का? दर १ नोव्हेंबरला इथं मराठी संघटना काळा दिन पाळतात, निषेध फेरी निघते. ते चित्रात नसेल तर ही गोष्ट कुठल्याही दोन गावांची झाली. बेळगावची कशी?

मातीची_रेघ
सीमावासी, गाळायचं असं नाही. आजीच्या घरात जे आलं तेच आणि ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं दाखवायचं. फेरी चित्राच्या मध्यभागी आली की बघणारा फेरीचं चित्र बघतो, ट्रंक बाजूला पडते.

गल्लीतला
मधला मार्ग सुचवतो. त्याच तारखेला इकडं काळे झेंडे असतात आणि राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची पिवळी-लाल पताकाही असते. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी. माजघरातून बघा: खिडकीची चौकट, गजांमधून दिसणारी रस्त्याची अरुंद पट्टी, त्या पट्टीत एक काळं टोक आणि एक पिवळं-लाल टोक. पुढं ट्रंक, तिच्यावर वाळत घातलेले सांडगे. कुणाचा चेहरा नाही, घोषणा नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला सगळं कळेल. ज्याला नाही तो विचारेल.

सीमावासी
हे पटलं. पण खिडकी चित्राच्या एक अष्टमांशापेक्षा लहान करू नका, नाहीतर ८ इंचाच्या पानावर ती टोकं म्हणजे नुसते ठिपके होतील.

पिंगुळीची_पोथी
शब्दांशिवाय चालेल का, या प्रश्नाकडं चित्रकथीच्या बाजूनं बघा. आंबोली घाट उतरून सावंतवाडी ओलांडली की कुडाळजवळ पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथी जपली. परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री त्यासाठीच मिळाला. त्या चित्रांवर मजकूर नसतो. एका कथेच्या सुट्या चित्रांची एक पोथी असते, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, आणि कथेकरी एकेक चित्र पुढं धरून गात, बोलत गोष्ट सांगतो. म्हणजे दोन चित्रांमधला वेळ आवाज भरून काढतो. तो आवाज असतो म्हणून चित्राला सगळं सांगायची गरज पडत नाही. बहुतेक चित्रांत दोन बाजू समोरासमोर उभ्या, चेहरे एका बाजूनं, डोळे मोठे. कोण कुणासमोर आहे हे मागच्या रांगेतूनही दिसावं अशी ती रचना.

ताईंच्या पुस्तकात आवाज नाही. मग तो वेळ कोण भरणार? माझं उत्तर आहे, डावं पान. उजव्या पानावर मोठं चित्र आणि समोर डाव्या पानावर पांढऱ्यावर एकच छोटी वस्तू: आणा, मैलाचा दगड, शिक्का, कौल. कथेकरी जे दोन वाक्यांत सांगेल ते ती वस्तू सांगेल. भिंतीवर लावताना ही छोटी चित्रं मोठ्यांच्या मधे लावता येतील.

रंगपेटी
डाव्या पानाची कल्पना फारच आवडली. आता रंगाकडं येते, कारण या गोष्टीचा गाभा माझ्या मते रंगातच आहे.

खानापूरची माती तांबडी, जांभ्याची. चंदगडची मातीही तांबडीच. पूर्वेकडं अथणी, सौंदत्तीकडं गेलात की काळी माती. आता नकाशा आठवा. चंदगड आणि खानापूर दोन राज्यांत, पण जमीन एका रंगाची. खानापूर आणि अथणी एका जिल्ह्यात, पण जमीन दोन रंगांची. माहेरच्या आणि सासरच्या चित्रांत तांबडा रंग अगदी एकच ठेवा, त्याच वाटीतला. सीमेवर तो बदलताच कामा नये. आणि पुढच्या पिढीतली लेक ट्रंक घेऊन अथणीकडं नांदायला जाते असं एखादं चित्र असेल तर तिथं पाय ठेवताक्षणी सगळी जमीन काळी करा. कागदावरची सीमा आणि जमिनीवरची सीमा वेगळ्या आहेत हे त्या एका पानपलटीत कळतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. वाचकाला १९५६ ठाऊक नसलं तरी चालेल, त्याला हा रंगांचा फरक खटकला पाहिजे.

तांबड्यासाठी ट्यूबमधला बर्न्ट सिएना एकटा वापरलात तर तो पारदर्शक आणि नारिंगीकडं झुकलेला पडतो. त्यात थोडा इंडियन रेड घाला. काळ्या मातीसाठी ट्यूबमधला काळा नको, तो मेलेला दिसतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन घ्या, ओल्या जमिनीला निळा जास्त, सुक्याला अंबर जास्त.

खरी माती किंवा गेरू वापरायचा असेल तर वाळवून, कुटून, कपड्यानं गाळून, काचेवर पाण्यात घोटावा लागतो. एक भाग बाभळीचा स्वच्छ डिंक दोन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळायचा. दोन भाग रंगाला साधारण एक भाग हे डिंकाचं पाणी, वर मधाचे दोन-चार थेंब आणि बुरशीसाठी लवंग तेलाचा एक थेंब. कोपऱ्यावर पट्टी ओढून वाळू द्या आणि बोटानं घासा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे. चकाकी आली किंवा भेगा पडल्या तर जास्त आहे. प्रत्येक मातीचं प्रमाण थोडं वेगळं निघतं, म्हणून बारा चित्रांना पुरेल एवढा रंग एकदाच घोटून बरणीत ठेवा. दुसऱ्यांदा घोटलेला तंतोतंत जुळत नाही आणि तुमच्या गोष्टीत तो जुळणं अत्यावश्यक आहे.

मातीची_रेघ
रंगपेटी, अथणीचं चित्र यादीत नव्हतं. नवव्या जागी घालत आहे. याहून मोठी मदत होऊ शकत नाही.

हुरमुंजी
तांबडा-पांढरा निघालाच आहे तर कावी कलेचा विचार करा. गोवा, दक्षिण कोकण, कारवारकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ती आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर हुरमुंजीचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असताना अणकुचीदार हत्यारानं कोरून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणजे रेघ रंगानं काढलेली नसते, रंग खरवडून काढलेली असते. कागदावर हे साधायचं तर आधी पांढऱ्या ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखालच्या अस्तराच्या लेपाचे) दोन हात, ते पूर्ण वाळल्यावर गेरूचा दाट थर, आणि तो अर्धवट सुकला असताना बोथट सुईनं किंवा कोरड्या टाकानं खरवडायचं. पूर्ण सुकला तर कपचे उडतात, फार ओला असेल तर रेघ परत भरते. जेसोमुळं कागद वाकतो म्हणून हे माउंट बोर्डवर करा आणि बोर्डच्या मागच्या बाजूलाही एक हात द्या.

सगळी बारा चित्रं अशी नको. माहेरच्या आठवणीची दोन-तीनच कावीसारखी करा. आठवण आणि चालू काळ वेगळे सांगायला लागणारे शब्द तेवढ्यानं वाचतील.

रंगपेटी
हुरमुंजी, पण मग त्या चित्रांतला तांबडा बाकीच्यांपेक्षा दाट आणि मॅट दिसेल. रंग एकच राहिला पाहिजे हा सगळा मुद्दाच सैल होतो.

हुरमुंजी
बरणी एकच, फक्त जाडी वेगळी. छटा तीच राहते. आणि आठवण थोडी दाट असावी, हे या गोष्टीला शोभतं.

पिक्सेल_गल्ली
हातानं करायला विरोध नाही. फक्त कच्चं काम टॅबलेटवर करा. बाराही चित्रांची अंगठ्याएवढी रेखाटनं एका पडद्यावर समोर ठेवा आणि रंग काढून नुसतं काळं-पांढरं-करडं बघा. तीन चित्रं सलग सारख्याच काळोखाची दिसली तर मालिका तिथं झोपते. आपली अक्षरं डावीकडून उजवीकडं जातात, मराठी असो वा कन्नड. त्यामुळं उजवीकडं चाललेलं माणूस पुढं चाललंय असं वाटतं, डावीकडं चाललेलं परततंय असं. सासरी जाताना ट्रंक उजवीकडं, माहेरी येताना डावीकडं. हा नियम एकदा धरला की बाराव्या चित्रापर्यंत मोडू नका.

शिवजयंतीचा_रथ
+१. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत हेच असतं. रथ समोरून जाईपर्यंतच बघायला मिळतो, तेवढ्यात प्रसंग कळला पाहिजे. म्हणून मोठ्या आकृतींची बाह्यरेषा मोकळी ठेवतात, हात अंगापासून सुटा, तलवार आकाशावर. आजीचा चेहरा दाखवायचा नाही म्हणताय तर तिचे हात असेच सुटे ठेवा, ट्रंकेच्या पत्र्यात मिसळू देऊ नका.

खडेबाजार
थोडं अवांतर. लग्नाच्या चित्रात ट्रंकेशेजारी मांड्यांची दुरडी हवीच! बेळगावचे मांडे नाहीत तर लग्न कसलं.

रंगपेटी
अवांतर मुळीच नाही. मांडा रंगवणं हा कौशल्याचा भाग आहे. पापुद्रा इतका पातळ की घडीतून खालची घडी दिसते. आधी सगळ्या मांड्यावर अगदी फिकट पिवळसर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, तो सुकल्यावर जिथं दोन पदर एकावर एक येतात तिथं दुसरा वॉश, चार पदर असतील तिथं तिसरा. भाजल्याचे डाग शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशनं. पोस्टर कलरनं हे जमत नाही, तो अपारदर्शक असतो.

खडेबाजार
आणि बेळगावचा खव्याचा कुंदा?

रंगपेटी
कुंद्याला बर्न्ट सिएना चालेल, इंडियन रेड न घालता :)

पावसाळी
कागदाचं कुणी बोललं नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडं, त्यात खानापूर पट्ट्यात, हवाच ओली असते. २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कागद वॉश दिला की पन्हळीसारखा होतो. ३०० जीएसएम घ्या. पातळच वापरायचा असेल तर ताणून घ्या: पाच मिनिटं पाण्यात भिजवायचा, प्लायवर सपाट पसरायचा, चारी कडांना दोन इंची गोंदपट्टी लावायची, निम्मी कागदावर, निम्मी फळीवर. फळी आडवीच सुकू द्या. उभी ठेवली तर पाणी खाली उतरतं आणि खालची पट्टी सुटते. घाईनं जवळ दिवा किंवा गरम हवा देऊ नका. मधला भाग आधी आकसतो आणि कड फाटते.

पूर्ण झालेली चित्रं एकावर एक ठेवताना मधे बटर पेपर घाला. डिंकाचा रंग दमट हवेत परत चिकट होतो आणि वरच्या कागदाची पाठ उचलून घेतो. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून तापवून कोरड्या करा.

छापखाना
छपाईच्या बाजूनं आता मापं ठरवून टाकू, कारण ती चित्र सुरू करण्याआधीच लागतात.

पुस्तक ८ इंच चौरस, चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), म्हणजे साधारण ८.२५ इंच. मूळ चित्र ब्लीडसकट ११ इंच करा. ते ७५ टक्क्यांवर आणलं की बरोबर ८.२५ होतं. ११ च का, तर ए४ स्कॅनरची काच साडेआठ बाय पावणेबारा इंच असते आणि ११ इंचाचं चित्र दोन स्कॅनमध्ये बसतं. १२ इंचाचं केलंत तर चार लागतात. दोन स्कॅनमध्ये मधली दोन-तीन इंच पट्टी सामाईक ठेवा. दुसऱ्या स्कॅनला कागद नुसता सरकवा, उलटा फिरवू नका. स्कॅनरचा उजेड एका बाजूनं पडतो, कागद फिरवला की दाण्यांच्या सावल्या उलट्या पडतात आणि जोड दिसतो. स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, ठेवा.

७५ टक्के करताना रेघही बारीक होते. ०.१ मिलिमीटरच्या पेननं काढलेली रेघ ०.०७५ वर येते आणि छपाईत तुटते. ०.३ च्या खाली जाऊ नका. शाई वॉटरप्रूफ हवी, फाउंटन पेनची शाई वॉश दिला की पसरते.

पानांचं गणित: बारा मोठी चित्रं उजवीकडं, बारा छोटी डावीकडं, ही २४. पुढंमागं मिळून चार, म्हणजे २८. चारनं भाग जातो, दोन पिना मारून पुस्तक होईल. १५० जीएसएमच्या सात दुमडलेल्या तावांत आतली पानं बाहेरच्या मानानं मिलिमीटरभर पुढं येतात आणि कापताना जातात, म्हणून महत्त्वाचं काही कडेपासून १० मिलिमीटरच्या आत ठेवू नका. सीमावासींची खिडकी विशेषतः.

तांबड्यासाठी सीएमवायकेत (छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईच्या टक्क्यांत) सी २०, एम ७५, वाय ८५, के १० च्या आसपासून सुरुवात करा. बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरून रंग गडद होतो, त्यामुळं फाइल थोडी उजळ ठेवावी लागते. एका तुकड्यावर माहेर, सासर आणि अथणी ही तीन चित्रं शेजारीशेजारी छापून आधी नमुना बघा. तांबडा दोन्हीकडं एक दिसला तरच पुढं जा. शंभर-दोनशे प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते, पाचशेच्या वर ऑफसेट.

टाक_दौत
अथणीचं चित्र डावीकडच्या वस्तूबरोबर एकदम दिसेल हे ध्यानात घ्या. काळी माती पान उलटल्यावरच दिसली पाहिजे. म्हणून आठव्या जोडीत डावी-उजवी दोन्ही पानं तांबड्या उबेत ठेवा आणि नववीच्या डाव्या पानावर मातीचा रंग येईल अशी वस्तू नको. तिथं बसचं तिकीट चालेल.

मातीची_रेघ
सगळं टिपून घेतलं. आता क्रम असा होतोय: लग्नाची वाट, मांड्यांची दुरडी आणि ट्रंक, पहिला पाऊस आणि मंगलोरी कौलं, माहेरी परतीची वाट, १९५६ ची खिडकी, नवा पैसा, बाळंतपणात माहेरची आठवण कावी पद्धतीनं, ट्रंकेतले तीन लिप्यांचे कागद, अथणी, मैलाच्या दगडाजागी किलोमीटरचा दगड, आजीचे म्हातारे हात. बारावं अजून ठरत नाही. रिकामी ट्रंक ठेवावी असं वाटतं, पण मन घेत नाही.

दुसरं, खिडकी १९५६ चीच ठेवली तर झेंड्यांची दोन टोकं त्या सालात बसतील का?

जुनी_चिल्लर
दुसऱ्याचं उत्तर आधी. १९५६ चं चित्र आणि झेंड्यांची खिडकी एक करू नका. पिवळा-लाल ध्वज तुमच्या नाण्यांइतक्या खात्रीनं त्या सालात बसवता येत नाही. १९५६ साठी आण्यांची पुरचुंडी आणि मैलाचा दगड पुरेत. झेंड्यांची खिडकी किलोमीटरच्या दगडाबरोबर दहाव्या जागी न्या, तिथं डावीकडं दगड आणि उजवीकडं खिडकी.

निपाणीकर
रिकामी ट्रंक नको. रिकामी म्हटली की आजी गेली एवढंच वाचलं जातं आणि आधीची अकरा चित्रं श्रद्धांजली होऊन बसतात. ट्रंक वापरात दाखवा. अथणीच्या घरात, काळ्या मातीवरच्या अंगणात, तिच्यावर कुणीतरी अभ्यासाची वही ठेवून लिहितंय. कमळ अर्धं पुसलेलं. वहीत कुठली लिपी आहे ते दिसू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

अक्षरगल्ली
दिसू द्या. दोन्ही लिप्या. सीमाभागातल्या मुलाच्या वहीत त्या असतातच.

सीमावासी
मी म्हणेन दिसू देऊ नका, वहीचं पान आपल्याकडं पाठ करून ठेवा. आठव्या चित्रात लिप्या आल्याच आहेत, तेच परत कशाला?

पिंगुळीची_पोथी
हा वाद इथं मिटणार नाही, डमीवर मिटेल. २८ पानांची कच्ची डमी साध्या झेरॉक्स कागदावर करा, बाराव्या चित्राची दोन रूपं करून दोन डम्या बांधा. ज्यांना गोष्ट ठाऊक नाही अशा लोकांच्या हातात एकेक द्या, काही समजावू नका आणि प्रत्येक पानावर "इथं काय चाललंय?" एवढंच विचारा. ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, पान क्रमांकासह लिहून ठेवा. यात निम्मे मराठी वाचणारे, निम्मे फक्त कन्नड वाचणारे आणि एक-दोघं तरी सीमाभागाबाहेरचे हवेत. जिथं तिघे एकाच पानावर अडतील तिथं चित्र बदला. एकटाच अडला तर थांबा, दुसऱ्याला दाखवा. नववं चित्र समोर आल्यावर कुणी मागं जाऊन आठवं पुन्हा बघतंय का, हे मुद्दाम बघा. तसं झालं तर रंगाचं काम झालं.

मातीची_रेघ
दोन्ही डम्या करते. झेरॉक्स काळ्या-पांढऱ्या निघतील, त्यामुळं आठव्या, नवव्या आणि बाराव्या चित्राचं पान तेवढं हातानं रंगवून घालीन. नाहीतर मातीची परीक्षाच होणार नाही.

छापखाना
ती तीन पानं रंगवताना त्याच बरणीतला रंग वापरा आणि कागदही छपाईचाच घ्या. झेरॉक्स कागद गेरू शोषून फिका पाडतो, मग लोक भलत्याच रंगाला उत्तर देतील.